पोट भरलं की झोपेल?

बाळ चार-साडेचार महिन्यांचं झालं की घरात हे वाक्य कुणाच्या ना कुणाच्या तोंडून येतंच. "दुधाने पोट भरत नसेल गं त्याचं, दोन चमचे पेज घालून बघ, कसं रात्रभर गाढ झोपतंय." कधी सासूबाई म्हणतात, कधी सख्खी आई, कधी मालिश-अंघोळीला येणाऱ्या मावशी, कधी लिफ्टमध्ये भेटलेल्या वरच्या मजल्यावरच्या काकू. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, समोरच्या बाईचा उतरलेला चेहरा बघूनच ते बोलणं निघतं. आणि जिला सांगितलं जातं तिलाही ते लगेच पटतं, कारण साडेदहा, साडेबारा, दोन, साडेतीन असं उठून उठून ती इतकी थकलेली असते की कुणीही काहीही सांगितलं तरी ते करून बघायची तिची तयारी असते.

माझी मावसबहीण डोंबिवलीला असते, तिने मध्यंतरी मला हेच विचारलं. मुलगी साडेचार महिन्यांची. सुरुवातीचे दोन महिने रडारड झाली, मग तिसऱ्या महिन्यात सलग चार-पाच तास झोपायला लागली, घरात सगळे खूश, आणि आता परत दर दोन तासांनी जाग. "ताई, पेज चालू करू का? आई पण म्हणत्ये, सासूबाई पण म्हणतायत, मी एकटीच नको म्हणत्ये आणि आता मलाच वाटायला लागलंय की मी तिला उपाशी ठेवत्ये." हे शेवटचं ऐकून मला फार लागलं. दिवसरात्र दूध पाजणाऱ्या बाईला आपण बाळाला उपाशी ठेवतोय असं वाटावं, याच्याइतकं वाईट दुसरं काय असेल. मी काही डॉक्टर नाही, पण माझ्या मुलाच्या वेळी या विषयावर मिळेल ते वाचून काढलं होतं, आणि तिला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

आधी सरळ उत्तर. खाणं चालू केल्याने बाळ रात्री जास्त झोपतं का? थोडंसं, कदाचित. या प्रश्नावरचा सगळ्यात मोठा आणि नीट केलेला अभ्यास इंग्लंडमधला आहे. इंग्लंड आणि वेल्समधल्या 1303 बाळांना, सगळी तीन महिन्यांची आणि फक्त अंगावर पिणारी, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. एका गटाला तेव्हापासूनच दुधासोबत वरचं खाणं द्यायला सांगितलं, त्यात अंडं, शेंगदाणा, गहू, तीळ, मासे, दही असं सगळं होतं, कारण मुळात तो अभ्यास अ‍ॅलर्जीवरचा होता. दुसऱ्या गटाला सांगितलं की साधारण सहा महिन्यांपर्यंत फक्त दूध. झोपेची माहिती सोबत गोळा होत गेली आणि ती 2018 मध्ये छापून आली. लवकर खायला लागलेली बाळं खरंच जास्त झोपत होती. किती जास्त, तर फरक सगळ्यात मोठा होता तेव्हा, म्हणजे सहाव्या महिन्याच्या आसपास, रात्रीला साधारण 17 मिनिटं. आणि रात्रीची जाग सरासरी दोन वेळांवरून पावणेदोन वेळांवर आली.

सतरा मिनिटं. हा आकडा जरा डोळ्यांसमोर ठेवा. बातम्यांमध्ये तो "आठवड्याला दोन तास जास्त झोप" असा आला, जे गणिताने बरोबरच आहे, पण "रात्रभर गाढ झोपतंय" या आश्वासनापासून तो कोसभर लांब आहे. जी बाई रात्री चारदा उठते तिला सतरा मिनिटांनी काय होणार. शिवाय कुठल्या गटात आपण आहोत हे आईवडिलांना माहीत होतं आणि झोपेची माहिती त्यांनीच भरून दिलेली, त्यामुळे त्यात थोडा आशेचा भाग असणारच. तरी मी हा अभ्यास उडवून लावणार नाही. त्यातच असंही दिसलं की बाळाच्या झोपेचा "फार गंभीर त्रास" आहे म्हणणारे आईवडील लवकर खाणं दिलेल्या गटात बरेच कमी होते, आणि ती गोष्ट लहान नाही. म्हणजे आपल्या आज्या जे सांगत आल्या त्यात अजिबातच तथ्य नव्हतं असं नाही, पण त्यातून जेवढी अपेक्षा ठेवली जाते तेवढं त्यात नक्की नाही.

त्याच्याआधीचा एक अमेरिकेतला अभ्यास आहे 1989 सालचा. तिथे आपल्या पेजेसारखीच पद्धत होती, रात्रीच्या बाटलीत तांदळाचं सिरियल मिसळायचं म्हणजे बाळ जड होऊन झोपतं. शंभरावर बाळांवर हे तपासलं, काहींना पाचव्या आठवड्यापासून दिलं, काहींना चौथ्या महिन्यापासून, आणि रात्री सलग झोपण्यात काही फरक सापडला नाही. तिसरा मला सगळ्यात उपयोगी वाटलेला, वेल्समधल्या स्वान्सी विद्यापीठातला, 2015 चा. त्यांनी सहा महिने ते एक वर्षाच्या बाळांच्या 715 आयांना विचारलं. दिवसा जास्त दूध पिणारी किंवा जास्त खाणारी बाळं रात्री दूध कमी मागत होती, पण जागी होणं काही कमी झालेलं नव्हतं. अंगावर पिणारी आणि वरच्या दुधाची, दोन्ही सारखीच उठत होती.

मला वाटतं सगळी गंमत इथेच आहे. भूक लागणं वेगळं आणि जाग येणं वेगळं. आपण दोन्ही एकच धरतो, कारण उठलेलं बाळ दूध पिऊन परत झोपतं, मग आपल्याला वाटतं भुकेनेच उठलं होतं. पण आईच्या कुशीत, उबेला, तोंडात स्तन असताना कुठलंही बाळ झोपेल, पोट भरलेलं असलं तरी झोपेल.

मग साडेचार महिन्यांनाच का बिघडतं सगळं? तर तेव्हा बाळाच्या झोपेची रचनाच बदलत असते. जन्मलेल्या बाळाला दिवस-रात्र काही कळत नाही, अंगातलं घड्याळ दोन-तीन महिन्यांत हळूहळू लागायला लागतं, आणि तीन-चार महिन्यांच्या सुमाराला झोपेचे टप्पे आपल्यासारखे वेगवेगळे पडायला लागतात, हलकी झोप, गाढ झोप, परत हलकी. बाळाचं एक आवर्तन तासाभराच्या आतबाहेरच असतं, आपलं दीड तासाचं. प्रत्येक आवर्तन संपताना जरा जाग येते, आपल्यालाही येते, आपण कूस बदलतो आणि सकाळी आठवतही नाही. बाळाला कूस बदलून परत झोपणं अजून जमत नाही. त्यात त्याच वयात पालथं पडायची धडपड चालू होते, आजूबाजूला बघायचं इतकं वेड लागतं की दिवसा धड पीत नाही, पंख्याकडे बघेल, दादाच्या आवाजाकडे मान वळवेल, आणि मग राहिलेलं दूध रात्री वसूल करतं. आणि नेमकी हीच वेळ असते जेव्हा आपण जेवत असताना बाळ आपल्या घासाकडे टक लावून बघायला लागतं. लगेच कुणीतरी म्हणतं, बघ कसं मागतंय! अहो ते मोबाईल पण तसंच मागतं, चष्मा पण.

आता त्या पेजेकडे वळू. पेजेबद्दल मला अतोनात प्रेम आहे, आजारपणात मला दुसरं काही चालत नाही. माझी आई अजून तशीच करते, मूठभर जुना तांदूळ धुऊन, जाडसर भरडून, तीन-साडेतीन वाट्या पाण्यात मंद आचेवर, मधेमधे पळीने ढवळत, वर साय धरल्यासारखा थर येईपर्यंत, मग चिमूट मीठ आणि तुपाचा थेंब. बाळासाठी करताना मीठ नाही आणि वरची निवळ तेवढी काढून घ्यायची. पण जरा हिशोब करून बघा. मूठभर तांदूळ म्हणजे तीसेक ग्रॅम, त्यात साधारण शंभर कॅलरी. शिजून उरलेली पेज साडेचारशे मिली धरली तर 100 मिलीला वीस-पंचवीस कॅलरी, आणि निवळच घेतली तर त्याहून कमी. आईच्या दुधात 100 मिलीला 65 ते 70. म्हणजे ज्या दुधाने पोट भरत नाही म्हणून आपण पेज देतोय, त्या दुधात पेजेच्या तिप्पट दम आहे! वर त्यात स्निग्ध पदार्थ, प्रथिनं, आजारांशी लढणारे घटक, जे तांदळाच्या पाण्यात नाहीत. आणि बाळाच्या पोटात जागा किती, तर वजनाच्या प्रत्येक किलोमागे 30 मिली धरतात, साडेसहा किलोच्या बाळाला दोनशे मिली. त्यात पन्नास-साठ मिली पेज घातली की तेवढी दुधाची जागा गेली. दूध कमी प्यायलं की दूध कमी बनतं, मग खरोखरच दूध पुरेनासं होतं, आणि घरातले म्हणतात, बघ, आम्ही म्हणालोच होतो.

बाटलीत सिरियल घालून पाजण्याबद्दल तर मी स्पष्टच सांगेन, करू नका. घट्ट झालेलं दूध ओढताना ठसका लागायची भीती असते.

पण हे सगळं आकड्यांचं झालं, आणि नुसत्या आकड्यांनी माझ्या बहिणीचा प्रश्न सुटत नव्हता. मी तिला विचारलं, ऑफिस कधी जॉइन करायचंय? तर पुढच्या महिन्यात. तिथे मला सगळं लक्षात आलं. 2017 च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. ऐकायला ते सहा महिने. पण त्यातले आठ आठवड्यांपर्यंत डिलिव्हरीच्या आधी घेता येतात, आणि ज्या बाईला नवव्या महिन्यात लोकलमध्ये उभं राहणं शक्य नाही ती त्यातले चार-सहा आठवडे घेतेच. मग बाळ साडेचार-पाच महिन्यांचं असतानाच रजा संपते. म्हणजे एकीकडे डॉक्टर सांगतात, जागतिक आरोग्य संघटना सांगते, सहा महिने फक्त आईचं दूध, आणि रजेचा हिशोब त्याआधीच आटपतो. रोज सकाळी सातची लोकल पकडायची, तर रात्री चारदा उठून चालणार कसं? म्हणून पेज हवी असते. भूक बाळाची कमी आणि गरज आईच्या झोपेची जास्त, असा तो प्रश्न आहे, आणि तो अगदी रास्त प्रश्न आहे. फक्त त्याचं उत्तर बाळाच्या वाटीत शोधलं जातं.

हे आजचं नाही. बाळाला झोपवण्यासाठी काहीतरी चाटवणं आपल्याकडे पूर्वापार आहे. सहाणेवर उगाळलेल्या गुटीत जायफळाचे वेढे दोनाचे चार व्हायचे ते झोपेसाठीच, आणि जायफळ जास्त झालं तर तान्ह्या बाळाला ते बाधतं हे आज डॉक्टर कळवळून सांगतात. त्याहून भयंकर म्हणजे अफू. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांमध्ये हजारो बायका कामाला होत्या, आपल्याच कोकणातून, घाटावरून गेलेल्या. 1922 च्या सुमाराला मुंबई सरकारने या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करून घेतली, ती डॉ. बार्न्स नावाच्या बाई डॉक्टरांनी चाळींमध्ये फिरून केली. त्यात पुढे आलं की गिरणीत जाणाऱ्या जवळजवळ सगळ्याच बायकांच्या तान्ह्या बाळांना अफू दिली जायची. बाळागोळी म्हणत त्याला. सकाळी भोंगा वाजायच्या आत गोळी चाटवायची, बाळ गुंगून पडून राहायचं, आई पाळी करून यायची.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा माझा मुलगा मांडीवर होता आणि मला पुढे वाचवेना. त्या बायका काही निर्दय नव्हत्या. दहा तास उभं राहायचं मशीनपाशी, दुसऱ्या कुणाकडे बाळ ठेवायची सोय नाही, रजा घेतली तर पगार नाही. त्या गोळीने भूकही मरायची, बाळ पीतच नसे, वाळत जायचं. पुढे 1929 मध्ये मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला, भारतातला पहिला. त्याच्या आदल्या वर्षी कायदेमंडळात बाबासाहेब आंबेडकरांनी त्या विधेयकाची बाजू मांडली होती, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्याच हिताचं आहे. अफूची गोळी आणि दोन चमचे पेज यांची बरोबरी मी करत नाहीये, कृपा करून तसं समजू नका, एक विष आहे आणि दुसरं अन्न. पण दोन्हीच्या मागे उभी असलेली बाई एकच आहे. तिला सकाळी कामावर जायचंय आणि रात्री दुसरं कुणी उठत नाही.

आणि आजची ही 26 आठवड्यांची रजासुद्धा मुख्यतः दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी. घरकाम करणाऱ्या ताईंना कुठली रजा? बीडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बायका तर तान्हं बाळ फडाच्या कडेला झोळीत ठेवून मोळ्या बांधतात. त्यांच्याकडे बसून "सहा महिने निव्वळ स्तनपान" असं पोस्टर लावून काही होत नाही.

बरं, आता दुसरी बाजू, कारण मला कुणी असं समजायला नको की मी खाणं लांबवा म्हणत्ये. उलट आपल्याकडे तो त्रास जास्त मोठा आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांपैकी जेमतेम 46 टक्क्यांनाच दुधासोबत घट्ट किंवा मऊ खाणं मिळत होतं. निम्म्याहून जास्त बाळं अजून दुधावरच. आणि महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांमधल्या जवळजवळ 69 टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी. बाळ जन्माला येताना लोहाचा साठा घेऊन येतं, तो साधारण सहा महिने पुरतो, आईच्या दुधात लोह फारच थोडं असतं. म्हणून सहा महिने झाले की मग मात्र एक दिवसही उगाच घालवू नये. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाव्यतिरिक्त दिवसाला साधारण 200 कॅलरी लागतात, नऊ ते अकराला 300, आणि वर्षानंतर साडेपाचशे. लोह कमी असलेल्या मुलांची झोपही अस्वस्थ असते असं संशोधनात दिसलेलं आहे, तेव्हा अन्नाचा आणि झोपेचा खरा संबंध कुठे असेल तर तो इथे आहे, हळू आणि महिनोन्महिने चालणारा. आज संध्याकाळी वाटी भरवली आणि आज रात्री झोपलं, असा नाही.

आणि इथे परत पातळ पेजेचाच प्रश्न येतो. आपण बाळाला सोसेल म्हणून सगळं पातळ करतो, वरणाचं पाणी, भाताची निवळ, मुगाचं कढण गाळून. पोट पाण्याने भरतं. चमचा तिरका केला तर भरभर ओघळू नये, हळू घसरावं, इतपत घट्ट पाहिजे. मऊ गुरगुट्या भात, त्यात घट्ट वरण, वर घरचं साजूक तूप. कुस्करलेलं रताळं. उकडलेल्या अंड्याचा बलक, घरात चालत असेल तर मासा काटे काढून, खिमा अगदी बारीक करून. भाजलेल्या दाण्याचं कूट बारीक वाटून भातात. अख्खा दाणा अजिबात नाही, तो नरड्यात अडकतो.

नाचणी सत्त्वाबद्दल तर मी तासभर बोलू शकते. नाचणी रात्रभर भिजवायची, सकाळी उपसून ओल्या सुती फडक्यात बांधून ठेवायची, दीड-दोन दिवसांत पांढरे बारीक मोड येतात, मग सावलीत वाळवून, हलकी भाजून, दळून, वस्त्रगाळ. माझी आई फडकं उघडून मोड बघायची आणि कमी वाटले तर परत बांधून ठेवायची, "अजून नाही झाली" म्हणत. तिला कुणी शास्त्र शिकवलं नव्हतं. पण मोड येताना धान्यात एक पाचक रस तयार होतो, तो पिठातला स्टार्च तोडतो, त्यामुळे त्याच वाटीत जास्त पीठ घातलं तरी लापशीचा गोळा होत नाही, बाळाला गिळता येते आणि पोटात पाणी न जाता अन्न जातं. बडोद्याच्या विद्यापीठात तारा गोपालदास यांनी यावर बरंच काम केलं, चमचाभर मोडाचं पीठ घट्ट लापशीत मिसळलं तरी ती सैल होते हे दाखवलं. कॅल्शियम तर नाचणीत भरपूर, 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर. फक्त लोहासाठी एकट्या नाचणीवर विसंबू नका, अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा द्यायचं लोहाचं औषध मिळतं, ते डॉक्टरांना विचारून जरूर चालू करा.

वेळ झाली की नाही हे कॅलेंडरसोबत बाळाकडे बघूनही कळतं. मान पक्की धरतं का, आधाराने नीट बसतं का, चमचा तोंडाशी नेला तर जिभेने बाहेर ढकलतं की आत घेतं. हे बहुतेकांना सहा महिन्यांच्या आसपासच जमतं. आणि मानसिक तयारी एवढी ठेवा की खाणं चालू झाल्यावर पहिले काही आठवडे झोप आणखी बिघडू शकते. शी घट्ट होते, गॅस होतो. माझ्या मुलाचं केळ्याने हमखास व्हायचं, त्या रात्री पाय पोटाशी घेऊन कण्हायचा. म्हणून नवीन पदार्थ सकाळी द्यावा, म्हणजे काही झालंच तर दिवसाउजेडी कळतं.

मग रात्रीचं करायचं काय? पहिलं म्हणजे हे मान्य करायचं की रात्री उठणं हा आजार नाही. कॅनडात साडेतीनशेच्या वर बाळांचा अभ्यास झाला, त्यात सहा महिन्यांच्या 38 टक्के बाळांना सलग सहा तास झोप येत नव्हती आणि वर्षाच्या 28 टक्के बाळांनाही नाही. त्यांच्या वाढीत काही कमी-जास्त दिसलं नाही. म्हणजे शेजारणीचं बाळ झोपतं आणि आपलं नाही, यात आपलं काही चुकलेलं नसतं. दिवसा घरात भरपूर उजेड, आवाज, आणि दूध शांत खोलीत नीट पोटभर. रात्री दिवा मंद, गप्पा नाहीत, लंगोट अगदी भिजली असेल तरच बदलायची. रोज झोपायच्या आधी त्याच क्रमाने तीच तीन-चार कामं. याने चमत्कार होत नाही, पण घड्याळ बसायला मदत होते.

आणि दुसरं, ज्याच्यासाठी मी एवढं सगळं लिहिलं, ते म्हणजे घरातल्या दुसऱ्या कुणीतरी रात्र वाटून घ्यायची. पाजणं आईलाच जमणार, पण उचलून आणणं, ढेकर काढणं, खांद्यावर घेऊन फेऱ्या मारणं, परत झोपवणं, हे बाबाला जमतं, आजोबांना जमतं. बाळ आधी खरंच भुकेलंय की नुसतं कुसमुसतंय हे दोन मिनिटं बघणंही बाबाला जमतं. केंद्र सरकारच्या नोकरीत वडिलांना 15 दिवसांची रजा आहे, खासगीत तर कायद्याने काहीच नाही, कंपनीची मर्जी. पण रात्रीला रजा लागत नाही. आईला रात्रीतून एकदा सलग चार तास मिळाले, फक्त चार, तर सकाळी ती वेगळी बाई असते. ज्या सासूबाई पेज शिजवायला तयार असतात त्या पहाटे पाचला बाळ घेऊन हॉलमध्ये बसायलाही तयार असतात, बऱ्याचदा त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. आणि जर आईला झोपायची संधी मिळूनही झोप येत नसेल, सारखं रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर बाळाच्या खाण्याचा विचार बाजूला ठेवून तिला डॉक्टरकडे न्या. तसंच बाळाचं वजन वाढत नसेल, दिवसाला सू कमी होत असेल, झोपेत घोरत असेल किंवा श्वासाला जोर लावत असेल, तर तेही दाखवा.

बहिणीने मुलीला डॉक्टरांकडे नेलं. वजन छान वाढतंय, दुधाला धक्का लावू नका म्हणाले. ऑफिससाठी दूध काढून फ्रीजमध्ये ठेवायची सवय तिने आत्तापासून चालू केली आहे, तिच्या सासूबाई ते वाटी-चमच्याने पाजायला शिकल्या. नवऱ्याने पहाटेची पाळी घेतली, पहिले काही दिवस मुलगी त्याच्याकडे थांबेना, आता थांबते. ती अजूनही रात्री दोन-तीनदा उठतेच.

त्यांच्याकडे मुलीचं उष्टावण पाचव्या किंवा सातव्या महिन्यात करतात, तर सहा महिने पूर्ण होऊन सातवा लागला की करायचं ठरलंय, म्हणजे रीतही सांभाळली आणि डॉक्टरांचंही ऐकलं. मामा सांगलीहून येणार आहे. परवा तिचा परत फोन, खिरीत गूळ घालू का म्हणून. मी म्हटलं, विधीपुरतं एक बोट ओठाला लावा, पण रोजच्या वाटीत दोन वर्षांपर्यंत साखर-गूळ नकोच, मीठही वर्षभर नको, आणि मध तर वर्ष होईपर्यंत थेंबभरही चाटवू द्यायचा नाही कुणाला, अगदी मामाने सोन्याच्या अंगठीने चाटवतो म्हटलं तरी नाही, त्यात असे जिवाणू असू शकतात की तान्ह्या बाळाच्या जिवावर बेततं. खीर दूध-रव्याची नको, भाताचीच कर, वरण-भात-तूप चांगलं घोटून, आणि घट्ट ठेव.